टेबल सॉ : किंमत पाहावी ती कारखान्याच्या दारातली

फर्निचरचा लहानसा कारखाना चालविणारा सुतार असो, की निवृत्तीनंतर गॅरेजमध्ये लाकूडकामाचा छंद जोपासणारा शहरी हौशी कारागीर. नवा टेबल सॉ घेताना दोघांच्याही नजरेत प्रथम भरतो तो किमतीचा आकडा. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरील दुकानात, प्रदर्शनातील स्टॉलवर अथवा संगणकाच्या पडद्यावर दिसणारा हा आकडा आणि यंत्र प्रत्यक्ष जागेवर उभे राहून पहिली फळी चिरेपर्यंत खिशातून गेलेली रक्कम यांत मात्र बरेच अंतर असते. कर, पॅकिंग, गाडीभाडे, हमाली, विमा आणि उभारणी अशा टप्प्याटप्प्याने हे अंतर वाढत जाते. त्यातही वाटेत यंत्र फुटले, तर नुकसान कोणाचे हा प्रश्न बहुतेक ग्राहकांना फुटलेला माल दारात आल्यावरच पडतो. तोवर पैसे भरून झालेले असतात.

म्हणूनच दोन यंत्रांची तुलना करताना दुकानातील किंमत दुकानातील किमतीशी ताडून पाहणे फसवे ठरते. तुलना करावयाची ती कारखान्याच्या दारात पडणाऱ्या एकूण खर्चाची, आणि त्या खर्चासोबत कोणती जोखीम आपल्याकडे येते याची.

यंत्र कोणते, वजन किती?

टेबल सॉ म्हणजे मेजाच्या फटीतून वर येणारी गोल करवत. हातातील कटर लाकडावर फिरवावा लागतो. येथे पाते जागच्या जागी फिरते आणि लाकूड त्यावर सरकविले जाते. त्यामुळे सरळ, एकसारखी आणि वारंवार करावयाची काप अचूक होते. बाजारात या यंत्राचे ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात.

पहिला प्रकार सुटसुटीत, उचलून नेता येण्याजोग्या यंत्राचा. त्यात साधारणतः १० इंची, म्हणजे २५४ मिलिमीटर व्यासाचे पाते असते. मोटार दीड ते दोन किलोवॉटची असून घरगुती २३० व्होल्टच्या सिंगल फेज जोडणीवर ती चालते. वजन वीस ते पस्तीस किलोंच्या घरात असल्याने हे यंत्र खोक्यात बसते आणि कुरिअरने येऊ शकते.

दुसरा प्रकार ओतीव लोखंडाच्या मेजाचा. तीन अश्वशक्तीची (सुमारे २.२ किलोवॉट) अथवा त्याहून मोठी मोटार आणि दोनशे किलोंच्या वर जाणारे वजन ही त्याची ओळख. हे वजन निरुपयोगी नसते. यंत्राची थरथर त्यामुळेच कमी होते व काप स्वच्छ येते. मात्र तेच वजन वाहतुकीचा खर्चही वाढविते.

तिसरा प्रकार सरकत्या मेजाचा. कारखान्यांत त्याला ‘पॅनल सॉ’ म्हणतात. आठ बाय चार फुटांचे प्लायवूड वा लॅमिनेट लावलेले बोर्ड कापण्यासाठी तो वापरतात. लॅमिनेटच्या कडा उडू नयेत म्हणून मुख्य पात्यापुढे एक लहान पाते असते. हे यंत्र सहसा ४१५ व्होल्टच्या थ्री फेज जोडणीवर चालते आणि त्याचे वजन अर्ध्या टनाच्या पुढे जाते. टेम्पोतून ते खाली उतरविणे दोन माणसांच्या आवाक्यातले नसते.

प्रकार ठरला की वाहतुकीचा खर्च बहुतांशी ठरतो. म्हणून विक्रेत्याला किमतीनंतर दुसरा प्रश्न विचारावा तो पॅकिंगसह एकूण वजनाचा आणि खोक्याच्या लांबी-रुंदी-उंचीचा.

दरपत्रकातील शब्दांचा अर्थ

दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या अटींमध्ये काही शब्द हमखास आढळतात. ‘एक्स-वर्क्स’ अथवा ‘एक्स-गोडाऊन’ म्हणजे किंमत विक्रेत्याच्या दारापुरती. पुढचा सारा खर्च ग्राहकाचा. ‘एफ.ओ.आर. डेस्टिनेशन’ म्हणजे ठरलेल्या ठिकाणापर्यंतचे भाडे किमतीत धरलेले आहे. मात्र हे ठिकाण म्हणजे ग्राहकाचा कारखाना, की त्याच्या शहरातील ट्रान्सपोर्टचे गोदाम, हे लिहून घेतले नाही तर शेवटच्या दहा किलोमीटरचा टेम्पो ग्राहकाच्या माथी बसतो. ‘टू-पे’ म्हणजे भाडे माल सोडविताना ग्राहकाने भरावयाचे. ‘पी अँड एफ एक्स्ट्रा’ म्हणजे पॅकिंग आणि माल गाडीपर्यंत पोहोचविण्याचा आकार वेगळा.

काही जुन्या नमुन्याच्या दरपत्रकांवर ‘जकात वेगळी’ असे शब्द अजूनही छापलेले आढळू शकतात. मुंबई महापालिकेची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर संपुष्टात आली. त्यामुळे या नावाखाली आज कोणतीही रक्कम देणे लागत नाही.

खोक्यात बंद करून विकल्या जाणाऱ्या सुटसुटीत यंत्रांवर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते व तीत सर्व कर समाविष्ट असतात. मोठ्या यंत्रांच्या दरपत्रकात याउलट ‘जीएसटी वेगळा’ असे लिहिण्याची पद्धत आहे. एक आकडा करासह व दुसरा कराविना असताना दोहोंची तुलना केली, तर अठरा टक्क्यांची चूक पहिल्याच पायरीवर होते. ऑनलाइन खरेदीच्या बाबतीत, २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार, विक्रेत्याने वस्तूची एकूण किंमत एका आकड्यात द्यावी आणि पोहोचविण्याचा आकार, हाताळणी व कर यांचा तपशील त्यासोबत दाखवावा, असे बंधन आहे.

कराचा हिशेब

लाकूडकामाची यंत्रे ८४६५ या शीर्षकाखाली येतात आणि त्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. विक्रेता महाराष्ट्रातीलच असेल तर बिलात ९ टक्के केंद्राचा व ९ टक्के राज्याचा असे दोन भाग दिसतात. परराज्यातील असेल तर १८ टक्के एकात्मिक कर दिसतो. एकूण बोजा तेवढाच. परराज्यातून घेतल्यास कर वाचतो, हा समज चुकीचा आहे.

विक्रेत्याने पॅकिंग आणि भाडे स्वतःच्या बिलात लावले, तर केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १५ नुसार ते यंत्राच्या मूल्यात धरले जाते आणि त्यावरही यंत्राच्याच दराने कर लागतो. तेच भाडे ग्राहकाने ट्रान्सपोर्ट कंपनीला परस्पर दिले, तर हिशेब बदलतो. मालवाहतूकदाराच्या सेवेवर ५ टक्के दराने कर असून तो पुष्कळदा वाहतूकदाराऐवजी नोंदणीकृत ग्राहकाने स्वतः भरावयाचा असतो. सप्टेंबर २०२५ पासून वाहतूकदाराला १८ टक्के दराचा दुसरा पर्यायही आहे. जीएसटी नोंदणी नसलेल्या व्यक्तीला दिलेल्या मालवाहतूक सेवेवर मात्र कर नाही. कुरिअरला ही सवलत नाही. तेथे १८ टक्के लागतात.

खरा फरक पडतो तो ग्राहकाच्या नोंदणीमुळे. जीएसटी नोंदणी असलेल्या कारखानदाराला यंत्रावर भरलेल्या कराची वजावट आपल्या करातून मिळते. त्यासाठी बिलावर स्वतःचा जीएसटी क्रमांक अचूक असावा आणि विक्रेत्यानेही विवरणपत्रात ते बिल दाखविलेले असावे. यंत्राच्या किमतीवर घसारा घेताना कराची रक्कमही त्यात धरली, तर ही वजावट मिळत नाही. कंपोझिशन योजनेतील लहान व्यावसायिक आणि छंद म्हणून यंत्र घेणारा ग्राहक यांच्यासाठी मात्र सारा कर हा खर्चच. त्यामुळे एकाच यंत्राची ‘खरी’ किंमत दोन ग्राहकांसाठी वेगवेगळी असते.

परराज्यातून येणाऱ्या मालाचे करासह मूल्य ५० हजार रुपयांच्या वर गेल्यास ई-वे बिल आवश्यक असते. महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीसाठी ही मर्यादा जुलै २०१८ पासून एक लाख रुपये आहे. हे बिल तयार न करता माल पाठविला आणि गाडी तपासणीत अडकली, तर दिवस वाया जातात आणि दंडाचा वाद उभा राहतो. ई-वे बिलाचा क्रमांक गाडी सुटण्यापूर्वी मागून घेणे हे ग्राहकाच्या हिताचे.

भाडे वजनावर की आकारावर?

बत्तीस किलोंच्या यंत्रावर ६६ किलोंचे भाडे लागल्याचे पाहून ग्राहक चक्रावतात. त्यात फसवणूक असतेच असे नाही. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन या दोहोंपैकी जे जास्त, त्यावर भाडे आकारतात. आकारमानाचे वजन काढण्याची रूढ रीत अशी : खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करावा आणि त्याला ५,००० ने भागावे. ८० बाय ७५ बाय ५५ सेंटिमीटरच्या खोक्याचे आकारमान ३ लाख ३० हजार घनसेंटिमीटर होते. भागाकार येतो ६६ किलो.

रस्त्याने माल नेणाऱ्या कंपन्यांची रीत थोडी निराळी. त्या घनसेंटिमीटरला २७,००० ने भागून घनफूट काढतात आणि दर घनफुटास सहा, आठ वा दहा किलो असे ठरलेले वजन धरतात. वरील खोका या रीतीने १२.२ घनफूट भरतो. घनफुटास आठ किलो धरल्यास त्याचे वजन सुमारे ९८ किलो होते. म्हणजे प्रत्यक्ष वजनाच्या तिप्पट. गंमत अशी की खऱ्या एका घनफुटात २८,३१७ घनसेंटिमीटर असतात. २७,००० ने भागल्यामुळेच आकारमान जवळजवळ पाच टक्क्यांनी फुगते. घनफुटामागचे किलो हा वाटाघाटीचा विषय आहे. किलोचा दर कमी दिसला तरी हा आकडा विचारल्याशिवाय भाडे कळत नाही. ओतीव लोखंडाच्या यंत्रांत प्रत्यक्ष वजनच मोठे असल्याने ही तफावत कमी होते.

मूळ भाड्याखेरीज बिल्टीचा आकार, इंधन अधिभार, मूल्यावर आधारित आकार, हाताळणी आणि नेहमीच्या वितरणक्षेत्राबाहेरील ठिकाणासाठी जादा आकार अशी कलमे वाढत जातात. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत वा गावाकडे माल न्यावयाचा असल्यास शेवटचे कलम जाचक ठरते. अशा वेळी जवळच्या शहरातील गोदामातून स्वतःच्या टेम्पोने माल उचलणे स्वस्त पडू शकते. मात्र गोदामात माल ठरावीक मुदतीपेक्षा जास्त दिवस पडून राहिल्यास डॅमरेज लागते, हे विसरू नये.

उतरवणीचा प्रश्नही वेगळा सोडवावा लागतो. घरपोच सेवेचा अर्थ सहसा गाडीच्या फाळक्यापर्यंत एवढाच असतो. दोनशे किलोंचे यंत्र गाडीतून उतरवून आत नेण्यासाठी हमाल, चेन-पुली अथवा छोटी क्रेन यांची सोय ग्राहकाला करावी लागते. महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याखाली येणाऱ्या ठिकाणी उतरवणीचे काम व दर ठरलेले असतात. त्याची चौकशी आधीच केल्यास गाडी दारात उभी असताना वाद होत नाहीत. दरवाजाची रुंदी मोजून ठेवणे ही साधी गोष्ट, पण तीही अनेकदा राहून जाते.

वाटेत फुटले तर कोणाचे?

या व्यवहारातील सर्वांत मोठी रक्कम दरपत्रकात कोठेच दिसत नाही. ती आहे जोखमीची. १९३० च्या वस्तुविक्री कायद्यानुसार, विक्रेत्याने करारानुसार माल वाहतूकदाराच्या हवाली केला की, उलट पुरावा नसल्यास, तो ग्राहकाला दिल्यासारखाच मानला जातो. ‘आमच्या गोदामातून माल सुटल्यावर आमची जबाबदारी नाही’ ही बिलावरची ओळ याच तत्त्वावर उभी असते.

मग वाहतूकदार भरपाई देईल, असे ग्राहकाला वाटते. १८६५ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा रस्ता मालवाहतूक कायदा २००७ मध्ये संमत झाला व २०११ पासून अमलात आला. त्याखालील नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी साधारणतः भाड्याच्या दहापट रकमेपुरती मर्यादित आहे, आणि तीही घोषित मूल्याच्या वर जात नाही. जास्त जबाबदारी हवी असल्यास माल पाठविणाऱ्याने तसे स्पष्ट लिहून जोखमीचा चढा दर भरावा लागतो. म्हणजे साडेपाच हजार रुपये भाडे असेल, तर लाखाच्या वर किमतीच्या यंत्राचा चुराडा झाला तरी मिळण्याची कमाल रक्कम ५५ हजार. भाडे जितके घासाघीस करून कमी केले, तितकी भरपाईही कमी होते!

शिवाय दावा दाखल करण्यापूर्वी वाहतूकदाराला नुकसानीची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. दूरध्वनीवरील तक्रार येथे उपयोगी पडत नाही.

यावर उपाय म्हणजे मार्गातील विमा. विक्रेत्याची स्वतःची विमा पॉलिसी असल्यास तिच्यात हा माल समाविष्ट करून घ्यावा आणि प्रमाणपत्र मागावे. अन्यथा एका खेपेपुरता विमा स्वतः उतरवावा. वाहतूकदार घेत असलेला मूल्यावर आधारित आकार म्हणजे विमा नव्हे. त्या आकाराच्या बदल्यात नेमकी कोणती जबाबदारी पत्करली आहे, हे बिल्टीवर पाहावे. ‘ओनर्स रिस्क’ असा शिक्का असल्यास जोखीम मालकाची आहे, हे उघड होय. चढविताना व उतरविताना होणारे नुकसान पॉलिसीत धरले आहे काय, हेही तपासावे. ओतीव लोखंडाचे मेज आपटल्यास वाकत नाही, ते तडकते.

दोन दरपत्रकांची तुलना

हे सारे आकड्यांत मांडल्यास चित्र स्पष्ट होते. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, नाशिकच्या एका कारखानदाराला ओतीव लोखंडी मेजाच्या एकाच प्रतीच्या यंत्रासाठी दोन दरपत्रके आली. परराज्यातील विक्रेत्याची किंमत १,१०,००० रुपये, एक्स-वर्क्स. शहरातील वितरकाची किंमत १,२६,००० रुपये; त्यात कारखान्यात पोहोच, उतरवणी आणि उभारणी समाविष्ट. दोन्हींवर कर वेगळा. वरकरणी पहिले यंत्र १६ हजारांनी स्वस्त दिसते.

पहिल्या व्यवहारात लाकडी क्रेटचे ३,५०० रुपये मिळवून मूल्य १,१३,५०० होते. त्यावर १८ टक्क्यांनी २०,४३० रुपये कर, म्हणजे बिल १,३३,९३० रुपयांचे. टू-पे भाडे ५,५०० रुपये, त्यावर स्वतः भरावयाचा ५ टक्के कर २७५ रुपये, विमा ७०० रुपये, गोदामापासून टेम्पो १,८०० रुपये, हमाली व चेन-पुली २,५०० रुपये. यंत्र जुळवून देणाऱ्या तंत्रज्ञाचे करासह ७,०८० रुपये. एकूण बेरीज १,५१,७८५ रुपये.

दुसऱ्या व्यवहारात १,२६,००० रुपयांवर २२,६८० रुपये कर मिळवून १,४८,६८० रुपये होतात. स्वस्त वाटणारे यंत्र प्रत्यक्षात ३,१०५ रुपयांनी महाग पडले. यंत्र, भाडे व तंत्रज्ञ यांवरील कराची वजावट घेतल्यावर पहिल्याचा निव्वळ खर्च १,३०,००० आणि दुसऱ्याचा १,२६,००० रुपये उरतो; म्हणजे तफावत चार हजारांवर जाते. तोच ग्राहक नोंदणी नसलेली हौशी व्यक्ती असेल, तर भाड्यावरचा कर वगळून रकमा अनुक्रमे १,५१,५१० आणि १,४८,६८० रुपये अशा राहतात.

प्रत्येक वेळी जवळचाच विक्रेता स्वस्त पडेल, असा याचा अर्थ नाही. शहरातील वितरकाने १,३२,००० रुपये मागितले असते, तर पारडे पहिल्या बाजूला झुकले असते. मात्र तेव्हाही वाटेतील जोखीम आणि बिघाड झाल्यास यंत्राचा भाग परत पाठविण्याचा खर्च यांची किंमत मनाशी धरावी लागली असती. ‘वॉरंटीच्या काळात जाण्या-येण्याचे भाडे ग्राहकाचे’ अशी अट अनेक बिलांवर असते. ती असल्यास पाचशे किलोमीटर दूरच्या विक्रेत्याची वॉरंटी कागदावर जेवढी दिसते तेवढी मोलाची राहत नाही.

परदेशातून मागवायचे तर

चीन वा तैवानमधील उत्पादकाने कळविलेली किंमत भुरळ घालते. सीमाशुल्क मात्र केवळ यंत्राच्या किमतीवर नसते. ते बंदरापर्यंतचे भाडे व विमा धरून होणाऱ्या मूल्यावर लागते. म्हणजे भाड्यावरही शुल्क भरावे लागते. भाड्याचा कागद सादर करता आला नाही, तर मूल्यांकन नियमांनुसार मालाच्या किमतीच्या २० टक्के एवढे भाडे आणि १.१२५ टक्के एवढा विमा धरला जातो.

या शीर्षकाखालील मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के धरल्यास, एक लाख रुपये मूल्यावर ७,५०० रुपये शुल्क, त्याच्या दहा टक्के म्हणजे ७५० रुपये समाजकल्याण अधिभार आणि १,०८,२५० रुपयांवर १८ टक्क्यांनी १९,४८५ रुपये एकात्मिक कर अशी बेरीज २७,७३५ रुपये होते. शुल्काचे दर अर्थसंकल्पात बदलत असल्याने आयातीच्या वेळी ते पडताळून घ्यावेत. नोंदणीकृत कारखानदाराला यातील एकात्मिक कराची वजावट मिळते. शुल्क व अधिभार मात्र खर्चातच जमा होतात.

न्हावा-शेवा बंदरात उतरल्यावर गोदामाचे आकार, डिलिव्हरी ऑर्डरचा आकार, कस्टम्स एजंटचे शुल्क आणि पुढचा ट्रक हे खर्च येतात. पूर्ण कंटेनर न भरणाऱ्या एकाच यंत्रासाठी हे खर्च विभागले जात नाहीत, म्हणून ते अधिक टोचतात. लाकडी क्रेटवर कीडमुक्त केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का नसल्यास माल अडकू शकतो. अमेरिकेतील नातेवाइकांकरवी यंत्र आणण्याचा विचार करणाऱ्यांनी तेथील वीज १२० व्होल्ट व ६० हर्ट्झची असते, हे ध्यानी घ्यावे. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ नव्हे. ६० हर्ट्झसाठी बनविलेली इंडक्शन मोटार आपल्या ५० हर्ट्झवर सुमारे एक षष्ठांशाने मंद चालते.

किमतीत न दिसणारी बोटे

खर्च वाचविण्याचा आणखी एक मार्ग शहरोशहरी पाहावयास मिळतो. हातातील कटर प्लायवूडच्या तुकड्याखाली उलटा बसवायचा, वर फट पाडायची, की झाला टेबल सॉ. हजारो रुपयांची ही बचत उघड्या पात्यापाशी होते. १० इंची पाते मिनिटाला ४,००० फेरे घेते तेव्हा त्याच्या दातांचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर, म्हणजे तासाला १९० किलोमीटरच्या आसपास असतो. हात मागे घेण्याइतका वेळ त्यात मिळत नाही.

म्हणून नव्या यंत्राच्या किमतीत तीन गोष्टी आहेत की नाहीत, हे पाहावे. पहिली, पात्यावरचे झाकण. दुसरी, पात्यामागे उभी राहणारी पातळ पट्टी, जिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. चिरलेले लाकूड मिटून पात्याला चिमटले, तर ते कारागिराच्या अंगावर जोराने उलटे फेकले जाते. ही पट्टी तो धोका कमी करते. तिसरी, वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊ न देणारा स्विच. वीज केव्हाही जाते-येते अशा भागांत ही चैन नव्हे, गरज आहे. या गोष्टी ‘वैकल्पिक’ म्हणून वेगळ्या विकल्या जात असतील, तर त्यांचा दर मूळ किमतीत मिळवूनच तुलना करावी.

भुसा ओढून घेणाऱ्या यंत्रणेचा खर्चही याच यादीत येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुकटीचा समावेश माणसात कर्करोग घडविणाऱ्या घटकांत केला आहे. बंद गाळ्यात रोज आठ तास काम करणाऱ्याने हा खर्च पुढे ढकलू नये. थ्री फेज जोडणी, वाढीव वीजभार व अर्थिंग यांचा अंदाजही वीज ठेकेदाराकडून आधीच घ्यावा.

माल दारात आल्यावर

विक्रेता अनोळखी असल्यास आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी त्याचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर तपासावा. क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य दाखवितात. महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४, दिल्लीचे ०७. पत्ता एका राज्याचा, क्रमांक दुसऱ्याचा आणि बँक खाते तिसऱ्याच नावाचे असेल, तर थांबणे शहाणपणाचे.

गाडी आल्यावर सही करण्याची घाई करू नये. खोके वा क्रेट चारही बाजूंनी पाहून छायाचित्रे घ्यावीत. फट, ओल वा चेपलेला कोपरा दिसल्यास पोचपावतीवर ‘माल नुकसान झालेल्या स्थितीत मिळाला’ असे स्वतःच्या हाताने लिहूनच सही करावी. कोऱ्या सहीनंतर केलेली तक्रार दुबळी ठरते. त्याच दिवशी विक्रेता, वाहतूकदार आणि विमा कंपनी या तिघांनाही लेखी कळवावे. यंत्र तपासून होईपर्यंत पॅकिंग फेकू नये. परत पाठविण्याची वेळ आल्यास त्या आकाराचे खोके बाजारात मिळत नाही.

वाद मिटला नाही तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. व्यापारी हेतूने केलेली खरेदी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. परंतु स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरावयाच्या यंत्राचा त्याला अपवाद आहे. स्वतः यंत्रावर काम करणाऱ्या सुताराला या अपवादाचा आधार घेता येतो, आणि तक्रार स्वतःच्या राहत्या वा कामाच्या जिल्ह्यात करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मागणी नोंदविण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

– किंमत करासह की कराविना? पॅकिंग धरले आहे काय?

– पॅकिंगसह वजन व खोक्याची मापे किती? भाडे कोणत्या वजनावर?

– पोहोच कोठपर्यंत? गोदाम, फाटक की यंत्र ठेवण्याची जागा?

– उतरवणी व उभारणी कोणी करावयाची?

– वाटेतील जोखीम कोणाची? विम्याचे प्रमाणपत्र कोणाच्या नावे?

– झाकण, रायव्हिंग नाइफ, स्विच आणि पाते किमतीत आहेत काय?

– वॉरंटी उत्पादकाची की विक्रेत्याची? त्या काळातील भाडे कोणाचे?

या सातही प्रश्नांची उत्तरे दरपत्रकावर लेखी मिळाल्यावरच आगाऊ रक्कम भरावी. जो विक्रेता ती लिहून देण्यास तयार नसतो, त्याची सवलत कितीही मोठी असली, तरी ती कोणत्या कलमातून वसूल होणार हे ग्राहकाला माल आल्यावरच कळते.